घरातील बिनतारी केंद्र

दिल्लीतील कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे, आग्नेय दिशेला, जो प्रशस्त रस्ता जातो त्याचे नाव कस्तुरबा गांधी मार्ग. पूर्वी तो कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. महाराष्ट्रातून कामकाजासाठी राजधानीत येणाऱ्यांना तो परका नाही, कारण २०१३ साली सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. दुतर्फा बहुमजली कचेऱ्या, भारतीय विद्या भवनासारख्या संस्था आणि आतल्या बाजूस राहती घरे, असे त्याचे रूप आहे. यांपैकी कोठेही उभे राहून आपण हातातील फोनला आसपासची बिनतारी जाळी दाखवावयास सांगितले, तर काचेवर नावांची एक लांबलचक यादी उमटते. कोणी कुटुंबाचे आडनाव दिलेले असते, कोणी दुकानाचे, आणि बहुतेकांनी कारखान्यातून आलेलेच अगम्य अक्षरांचे नाव तसेच ठेवलेले असते. प्रत्येक नाव म्हणजे कुठल्यातरी भिंतीआड ठेवलेली एक पेटी. बहुतेक नावांपुढे कुलपाचे लहानसे चिन्ह असते. क्वचित एखाद्या नावापुढे ते नसते.

या पेटीला राउटर म्हणतात. आज गावोगावी ती पोचली आहे, आणि तरीही घरातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू तीच असेल. केबल घेऊन आलेला मुलगा अर्ध्या तासात ती भिंतीला टांगतो, फोनवर काहीतरी उघडून दाखवतो, परवलीचा शब्द एका चिठोऱ्यावर लिहून देतो आणि निघून जातो. त्या क्षणी आपण एका प्रक्षेपण केंद्राचे संचालक झालो आहोत, याची घरातील कोणालाही जाणीव नसते.

प्रक्षेपण केंद्र हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. राउटर लहरी सोडतो आणि लहरी ग्रहण करतो. आकाशवाणीचे केंद्र आणि राउटर यांत जातीचा फरक नाही, शक्तीचा आहे. प्रक्षेपण तर दूरच राहिले, घरात साधा रेडिओ ऐकावयाचा तर टपाल कचेरीत शुल्क भरून परवाना काढावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. बिनतारी यंत्र परवान्यावाचून जवळ बाळगणे हा १९३३ च्या कायद्याने अपराध होता. त्याच देशात २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने नियम काढून २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. त्याच वर्षी ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील काही भाग घराच्या आत वापरण्यास मोकळा झाला आणि २०१८ मध्ये ही सवलत विस्तारण्यात आली. परवाना गेला, म्हणजे विचारणारा अधिकारी गेला. मात्र परवान्याबरोबर जी जबाबदारी येत असे ती गेली नाही. ती घरमालकाकडे आली.

आता ही पेटी कोठे ठेवावी, या प्रश्नापासून प्रारंभ करू. २.४ गिगाहर्ट्झ या वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्म्याहून कमी. आपल्या नभोवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात, त्यांना घरादारांची तमा नसते. आखूड लहरींना भिंतीची अडचण अधिक होते. भिंत त्यांना पूर्ण अडवीत नाही, हे आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याला दाखविले होते. त्यांच्या लहरी तर मिलिमीटरांत मोजण्याइतक्या आखूड होत्या, तरी त्यांनी भिंतींपलीकडे घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून प्रेक्षकांना चकित केले. पण प्रत्येक भिंत लहरींकडून आपली जकात वसूल करते. पातळ लाकडी दार थोडी घेते, विटांची जाड भिंत पुष्कळ घेते, लोखंडी सळ्यांचा स्लॅब त्याहून अधिक. धातूचा सपाट पत्रा तर लहर परतवूनच लावतो. आपल्याकडे घरोघरी असलेले पोलादी कपाट आणि मोठा आरसा हे या दृष्टीने भिंतीहून वाईट. पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून दिल्लीच्या उन्हाळ्यात खिडकीत बसविलेला पत्र्याचा कूलर, त्याच्या ओल्या जाळ्यांसह, बाल्कनीकडे जाणाऱ्या लहरींना चांगलाच आडवा येतो.

यातून जागेचा निर्णय आपोआप होतो. पेटी घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीच्या आसपास, मोकळ्यावर असावी. केबल ज्या खोलीत शिरते त्याच खोलीच्या कोपऱ्यात, टेलिव्हिजनच्या मागे, जमिनीलगत ती ठेवण्याची जी सर्वत्र रूढी आहे ती केवळ बसविणाऱ्याची सोय आहे. चार मीटर अधिक तार ओढून घेतली तर पुढची पाच वर्षे सुखाची जातात. उभ्या दांडीसारखी अँटेना असेल तर तिच्यातून लहरी सभोवार आडव्या पसरतात, दांडीच्या टोकाच्या दिशेने फारच थोड्या जातात. मेदूवडा दांडीत ओवावा तसा हा आकार. म्हणून एकाच मजल्यावरील घरात दांड्या उभ्या ठेवाव्यात. दोन मजली घर असेल तर एखादी आडवी करून पाहावी. अंतराचा हिशेबही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथाई उरते. मुळात ही शक्ती सामान्यतः एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे स्वयंपाकघरातील साध्या एलईडी दिव्याच्याही कितीतरी खाली.

शेवटच्या खोलीत मुलाचा ऑनलाइन वर्ग अडखळू लागला, की आपण कंपनीला फोन करून अधिक पैशांची, अधिक वेगाची योजना घेतो. हा मला आळशी उपाय वाटतो. घरापर्यंत येणारा नळ मोठा केला, पण आतली तोटी अडगळीखाली दडलेलीच राहिली, तर बादली लवकर कशी भरेल?

मात्र कस्तुरबा गांधी मार्गासारख्या दाट वस्तीत, किंवा मुंबई-पुण्याच्या कोणत्याही गृहसंकुलात, जागा उत्तम असूनही जाळे मंद पडते याचे दुसरे कारण असते. ते कारण म्हणजे शेजारी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, असे यंत्र सांगते. पण ही चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येक राउटर किमान वीस मेगाहर्ट्झ रुंदीत बोलतो. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न जाता एकाच वेळी वापरता येतील अशी तीनच: पहिले, सहावे आणि अकरावे. तीन जणांच्या बाकावर तीस जण बसले की जे होते, तेच तेथे होते. तरीही सारे कोलमडून पडत नाही, याचे श्रेय एका शिष्टाचाराला आहे. बोलण्यापूर्वी प्रत्येक यंत्र क्षणभर ऐकते. दुसरा बोलत असेल तर थांबते. आणि पुन्हा प्रयत्न करताना किती थांबावयाचे ते यदृच्छेने ठरविते, म्हणजे दोघे एकदमच तोंड उघडीत नाहीत. या विचाराचे मूळ हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ मध्ये चालू केलेल्या ‘अलोहा’ नावाच्या बिनतारी जाळ्यात आहे. त्या पहिल्या रचनेत यंत्रे आधी ऐकत नसत; टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलत. ऐकण्याची शिस्त नंतर आली. आपल्या अनेक सभांमध्ये ती अद्याप आलेली नाही, ही गोष्ट वेगळी!

ज्यांच्या उपकरणांना शक्य आहे त्यांनी म्हणून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. तेथे जागा अधिक आहे, वेग अधिक आहे, आणि त्या लहरी भिंतीत लवकर थकत असल्यामुळे शेजाऱ्यांचा उपद्रवही कमी होतो. दूरच्या खोलीसाठी २.४ चा पट्टा चालू राहू द्यावा. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्यातून निसटणाऱ्या अल्पशा लहरी आरोग्यास बाधक नसल्या तरी राउटरच्या कानाशी गोंगाट करण्यास पुरेशा असतात. तेव्हा या दोघांना एका ओट्यावर नांदवू नये.

लहरींच्या दृष्टीने भिंत म्हणजे अडथळा आहे, कुंपण नाही. आपल्या बैठकीच्या खोलीसाठी सोडलेली लहर जिन्यात जाते, शेजारच्या घरात जाते, खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीतही जाते. तिला भिंतीशी थांबण्याची आज्ञा देता येत नाही. ही गोष्ट गंभीर का, हे समजण्यासाठी राउटरचे दुसरे काम पाहिले पाहिजे.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक अंकी पत्ता असतो. हे पत्ते देण्याची जी मूळ पद्धत आहे तिच्यात एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते मावतात, आणि जगाची लोकसंख्या त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. शिवाय एकेका माणसाजवळ दोन-तीन उपकरणे. यावर तोड अशी काढली की १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते, आणि आणखी काही, केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवावयाचे. ते कितीही घरांत पुन्हा पुन्हा वापरले तरी चालतात, कारण ते घराबाहेर जात नाहीत. महाराष्ट्र सदनात उतरलेल्या पाहुण्याला पत्र पाठवावयाचे असेल तर पत्ता ‘महाराष्ट्र सदन, कस्तुरबा गांधी मार्ग’ एवढा पुरतो. कोण कोणत्या खोलीत आहे याची वही स्वागतकक्षात असते, आणि तेथला माणूस पत्र योग्य खोलीत पोचवितो. राउटर हा घरचा स्वागतकक्ष आहे. आजोबांचा फोन, मुलीचा लॅपटॉप, बैठकीतला टेलिव्हिजन या प्रत्येकाला तो खोली-क्रमांक देतो, त्यांची पत्रे बाहेर पाठविताना त्यांवर घराचा एकच पत्ता घालतो, आणि उत्तर आले की ज्याचे त्याला नेऊन देतो. अलीकडे लांब अंकांची नवी पत्तापद्धतीही सुरू झाली आहे. पण तिच्यातसुद्धा पत्त्याचा पूर्वार्ध घराच्या जोडणीचाच असतो.

याचा अर्थ असा, की आपल्या जाळ्यात शिरून जो कोणी काही लिहील, त्याचे पत्र आपल्या पत्त्यावरून गेलेले दिसेल. पाहुणा खोलीत उतरला होता की रात्री मागच्या दाराने आला होता, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

२००८ साली देशाला याचा दारुण अनुभव आला. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील एका घरी पोचले. तेथे राहणारा परदेशी नागरिक आणि त्याचे कुटुंब यांच्यावर संशयाचे सावट आले. त्याचा संगणक तपासण्यात आला, दीर्घ चौकशी झाली. अखेर निष्पन्न झाले ते एवढेच, की त्याच्या घरच्या राउटरला पुरेसे कुलूप नव्हते आणि ती जोडणी दुसऱ्याच कोणी वापरली होती. पुढच्या महिन्यात तशाच ई-मेलसाठी माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे जाळे वापरण्यात आले. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले. कॅनॉट प्लेसचे सेंट्रल पार्क आणि बाराखंबा रोड ही त्यांपैकी दोन ठिकाणे. बाराखंबा रोड म्हणजे कस्तुरबा गांधी मार्गाचा शेजारचाच रस्ता. या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, इंडिया गेटच्या परिसरात, न फुटलेला बॉम्ब सापडून निकामी करण्यात आला. त्या सायंकाळी आलेल्या ई-मेलचा माग मुंबईत चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वाय-फायपर्यंत जाऊन थांबला. त्या कंपनीतील माणसांचा कटाशी संबंध नव्हता. त्यांची लहर भिंतीबाहेर गेली होती आणि बाहेर कोणीतरी ती उचलली होती, एवढाच काय तो त्यांचा दोष. या प्रकारांनंतर, २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या; मुंबई पोलिसांनीही रस्त्यांवर फिरून उघडी जाळी हुडकण्याचे ठरविले.

मारेकऱ्यांना राउटर मिळाला नसता तर स्फोट टळले असते, असे मी म्हणणार नाही. ई-मेल केवळ फुशारकीचा होता. पण तपासाचे जे मोलाचे पहिले दिवस असतात ते निरपराध माणसांच्या दारात खर्ची पडले, आणि त्या माणसांना जे सोसावे लागले ते कोणत्याही भरपाईने परत मिळणारे नाही.

तेव्हा कुलपाकडे वळू. राउटरला किल्ल्या दोन असतात, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. एक किल्ली हवेची. तीच आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरी किल्ली पेटीच्या कारभाराची. ती जवळ असेल तो पहिली किल्ली बदलू शकतो, घरची पत्रे भलत्या वाटेने वळवू शकतो. ही दुसरी किल्ली कारखान्यातून येते तेव्हा अनेक पेट्यांवर ‘अ‍ॅडमिन’ असा एकच शब्द असतो. लाखो घरांच्या कड्यांना एकच किल्ली, आणि तीही छापून प्रसिद्ध केलेली! २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक आज्ञावलीने अशाच न बदललेल्या शब्दांच्या आधारे जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर आपल्या कह्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. पेट्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

ती बदलण्याची रीत अवघड नाही. राउटरच्या बुडाला एक चिकटपट्टी असते. तीवर १९२.१६८.१.१ किंवा तत्सम अंक छापलेले असतात. राउटरच्या जाळ्यात असताना ते अंक संगणकाच्या वा फोनच्या ब्राउझरमध्ये टाइप केले की पेटीचे कारभाराचे पान उघडते. प्रथम कारभाराची किल्ली बदलावी. मग बिनतारी सुरक्षेच्या विभागात जावे. तेथे पर्यायांची नावे सारखी वाटतात आणि माणूस गोंधळतो. ‘डब्ल्यूईपी’ ही १९९७ ची पद्धत २००१ मध्येच शास्त्रज्ञांनी फोडून दाखविली. तिला कुलूप म्हणणे हा उपचार आहे. २००४ ची ‘डब्ल्यूपीए-२’ आजही चालण्याजोगी आहे. २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए-३’ अधिक चांगली, आणि जुनी उपकरणे असलेल्या घरांसाठी दोन्ही एकत्र चालविण्याचा पर्याय बहुतेक नव्या पेट्यांत असतो. ‘डब्ल्यूपीएस’ नावाची, आठ आकड्यांनी जोडणी करून देणारी सोय मात्र बंद करावी. २०११ मध्ये तिच्यातील दोष उघड झाला: ते आठ आकडे एकदम तपासले जात नसून दोन तुकड्यांत तपासले जातात, त्यामुळे कोट्यवधींऐवजी सुमारे अकरा हजार प्रयत्नांतच कुलूप उघडू शकते.

हवेच्या किल्लीला किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरे चालतात. लोक आठावर थांबतात, आणि त्यातही घरातल्या मुलाचे नाव व जन्मसाल घालतात. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत ओळीने लिहावेत: एखादी भाजी, एखादे अवजार, एखादे गाव, एखादा पक्षी. आजींच्या तोंडी सहज राहील आणि यंत्राला तर्क करता येणार नाही, अशी किल्ली तयार होते. आपल्या जाळ्याला नाव देताना मात्र आडनाव आणि सदनिकेचा क्रमांक टाळावा. दाराची पाटी दारावर असू द्यावी; ती रस्त्यावर ओरडून सांगण्याचे प्रयोजन नाही.

बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढता येते. दिल्लीतील मराठी घरांत तर हे अवश्य करावे. परीक्षेला आलेला भाचा, मंत्रालयात काम घेऊन आलेले गावचे सरपंच, सहलीहून परतताना दोन दिवस राहिलेली मंडळी, अशी ये-जा तेथे बारमाही असते. पाहुण्याला किल्ली नाकारणे आपल्या रीतीत बसत नाही. वेगळ्या जाळ्यात त्याला बाहेरचे जग मिळते, पण घरच्या संगणकापर्यंत त्याच्या फोनमधली रोगट आज्ञावली पोचत नाही. कळ दाबताच बोलू लागणारे दिवे, दारावरचे कॅमेरे, स्वस्तातले खेळणीवजा यंत्र, यांनाही याच पाहुण्यांच्या पंक्तीत बसवावे.

पेटीच्या आतील आज्ञावलीत वेळोवेळी दोष सापडतात आणि निर्माते दुरुस्त्या काढतात. कारभाराच्या पानावर त्या आपोआप घेण्याची सोय असल्यास ती चालू करावी. नसल्यास दोन-तीन महिन्यांनी स्वतः पाहावे. बाहेरगावाहून पेटीचा कारभार करण्याची जी सोय असते ती घरगुती माणसाला लागत नाही, ती बंद ठेवावी. बसविणाऱ्या मुलाला हे सारे माहीत असते. त्याला घाई असते एवढेच. चहा ठेवावा, आणि तो पिऊन होईपर्यंत ही कामे त्याच्याकडून, आपल्या देखत, करून घ्यावीत. नवीन किल्ल्या मात्र तो गेल्यावर आपणच घालाव्यात.

दिल्लीतील नोकरदाराची केव्हातरी बदली होतेच. सामान बांधताना राउटर भाड्याचा असेल तर परत जातो, आपला असेल तर एखाद्या शेजाऱ्याला दिला जातो. त्याच्या पोटात आपल्या किल्ल्या तशाच असतात. पेटीच्या मागे टाचणी शिरेल एवढे एक छिद्र असते. पेटी चालू असताना त्यात टाचणी घालून आतली कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी. सारे दिवे एकदा विझतात, मग पुन्हा लुकलुकू लागतात, आणि पेटी कारखान्यातून आली तेव्हा होती तशी कोरी होते.